एक पोतं, दोन वेळापत्रकं

मार्च सरत आला की न्यू जर्सीतल्या दुकानांबाहेर पोत्यांच्या थप्प्या लागतात. वर हिरव्यागार लॉनचं चित्र, आत बारीक दाणे. खत आणि तणाचा बंदोबस्त एकातच. नुकतंच घर घेतलेला आपला मराठी माणूस ते पोतं गाडीत टाकतो, शनिवारी सकाळी स्प्रेडर ढकलत लॉनभर फिरतो आणि पंधरा दिवसांनी फोन करतो, "अरे, डँडेलियन तर तसेच डोलतायत. फसवलं की दुकानदाराने!"

फसवलेलं नसतं. त्या पोत्यात उगवणपूर्व तणनाशक असतं, म्हणजे बहुधा प्रोडायमिन, डायथायोपिर किंवा पेंडीमिथॅलिन. वाढलेल्या डँडेलियनचं ही औषधं काहीही बिघडवत नाहीत. त्याचं जाड सोटमूळ थंडीभर जमिनीत जिवंत असतं आणि तिथूनच तो पुन्हा वर येतो. त्याच्यासाठी २,४-डीसारखं पानांतून भिनणारं औषध हवं, ते वेगळ्या पोत्यात मिळतं. दोन्ही पोती शेजारी शेजारी ठेवलेली असतात, पण वापरायची रीत अगदी उलट. पानांवरच्या औषधाचे दाणे ओल्या पानांना चिकटावे लागतात आणि त्यानंतर दिवसभर तरी पाणी मारायचं नसतं. उगवणपूर्वचे दाणे मात्र पानांवर बसून राहिले तर वाया गेले. साधारण अर्धा इंच पाणी किंवा पाऊस मिळाला की औषध मातीच्या वरच्या थरात उतरतं आणि तिथे त्याचं काम सुरू होतं.

"म्हणजे ते तणाचं बी मारतं?" तेही नाही. बी रुजतं, मोडही फुटतो. पण मूळ वाढायचं तर पेशींचं विभाजन व्हायला हवं आणि औषध नेमकं तेच अडवतं. मुळाचं टोक गाठीसारखं सुजतं, रोप तिथेच संपतं. म्हणूनच सगळी मदार वेळेवर आहे. मुख्य शत्रू क्रॅबग्रास. दोन इंच खोलीवरची माती सलग काही दिवस ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या, आसपास राहिली की त्याचं बी रुजू लागतं. कॅलेंडर पाहण्यापेक्षा फोर्सिथियाचं पिवळं झुडूप पाहा. त्याची फुलं गळून जायच्या आत दाणे पडलेले बरे. क्रॅबग्रास हातभर पसरल्यावर जूनमध्ये पोतं आणणं म्हणजे वरातीमागून घोडं.

तण तेवढं मरतं आणि गवताचं बी वाचतं, ही समजूत सर्वांत महागात पडते. औषधाला दोन्ही सारखीच. एप्रिलमध्ये दाणे टाकून मेमध्ये लॉनच्या टकलावर नवं बी पेरलं तर पैसे मातीत. साधारण तीन-चार महिने थांबावं लागतं. मेसोट्रायोन असलेलं खत याला अपवाद आहे, बहुतेक थंड हवेच्या गवतांच्या पेरणीबरोबर ते चालतं. ही अक्कल मला मेथीने शिकवली. स्प्रेडरने उडवलेले दाणे कडेच्या वाफ्यात गेले आणि त्या वर्षी वाफ्याची एक बाजू बोडकीच राहिली. वाफ्याच्या बाजूला स्प्रेडरची झडप बंद करायची असते, हे मला नंतर कळलं.

धावत्या खोडांनी पसरणाऱ्या गवतापुढे मात्र या औषधाचं काही चालत नाही. इथल्या फेस्क्यूच्या लॉनमध्ये लोक ज्या बर्म्युडाग्रासला शिव्या घालतात ती आपली दूर्वा. भाद्रपदात आपण तीच शोधत फिरतो!

आता खताकडे. "जास्त टाकलं तर जास्त हिरवं" हे न्यू जर्सीत कायद्यालाही मान्य नाही. बार्नेगट खाडीत नायट्रोजन साचून शेवाळ माजू लागलं, तेव्हा २०११ मध्ये राज्याने नियम केले. घरमालकाने दर हजार चौरस फुटांना एका वेळी ०.९ पौंडांपेक्षा जास्त नायट्रोजन द्यायचा नाही, वर्षभरात ३.२ पौंडांपेक्षा जास्त नाही. १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत बंद. मातीच्या तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय किंवा नवी लागवड, दुरुस्ती असल्याशिवाय फॉस्फरसही नाही. पोत्यावरच्या तीन आकड्यांतला मधला बहुतेक वेळा शून्य का असतो, याचं उत्तर इथे आहे. पहिला आकडा नायट्रोजनची टक्केवारी. तो २० असेल तर ०.९ पौंडांसाठी साडेचार पौंड दाणे पुरतात. पाच हजार फुटांच्या लॉनला साडेबावीस. त्यावर एक मूठही नको.

माझी खरी तक्रार मात्र या जोडगोळीबद्दलच आहे. तणनाशकाची वेळ एप्रिल, तर फेस्क्यू, ब्लूग्राससारख्या गवतांच्या मुख्य खताची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर. वसंतात भरपूर नायट्रोजन दिला की पानं फोफावतात, मुळं तोकडी राहतात आणि जुलैच्या उन्हात लॉन मान टाकतं. एकत्र पोत्यात सोय आहे खरी, पण गवतापेक्षा आपलीच जास्त. मी वसंतात नुसतं तणनाशक किंवा कमी नायट्रोजनचं पोतं घेतो, खताचा हात सप्टेंबरमध्ये सैल सोडतो आणि गवत तीन इंचांच्या खाली कापत नाही. सावलीतल्या मातीत क्रॅबग्रासला तसंही जड जातं.

पोतं कुठलंही घ्या, दाणे ड्राइव्हवेवर उडालेच तर होजने धुऊन गटारात सोडू नका. झाडून परत लॉनवर टाका. न्यू जर्सीत तसा कायदाच आहे.