मगरीची झेप

प्राणिसंग्रहालयातील मगर पाहिली, की हा प्राणी अत्यंत सुस्त आहे, असा मुलांचा समज होतो. तासन्‌तास ती हालत नाही. परंतु हा आळस नव्हे, काटकसर होय. शरीर उबदार राखण्यासाठी मगर अन्न खर्चीत नाही, ऊन घेते. म्हणूनच मोठी मगर कित्येक महिने उपाशी राहू शकते. थंडीत तर समोर टाकलेल्या मांसालाही ती पुष्कळदा तोंड लावीत नाही.

ऑस्ट्रेलियातील ग्रीन बेटावर १९८७ पासून २०२४ मध्ये मरेपर्यंत पाळलेली ‘कॅशियस’ नावाची नर मगर ५.४८ मीटर लांब होती. एवढे धूड पाण्याबाहेर उसळते कसे? सारे बळ शेपटीचे. खोल पाण्यात शेपटीचे जोरदार फटकारे मारून मगर आपले शरीर सरळ वर ढकलते. लहान मगरीचे बहुतेक अंग अशा वेळी पाण्याबाहेर येते. लांबी दुप्पट झाली, की वजन मात्र सुमारे आठपट होते. त्यामुळे थोराड मगरीस तितके उसळता येत नाही. तथापि पाच मीटरांच्या मगरीचे निम्मे अंग वर आले, तरी ते अडीच मीटर भरते!

सहलीस नेलेल्या मुलांना शिक्षकांनी कठड्यावरून वाकू देऊ नये, ते याचसाठी. खडे मारून मगरीस जागे करण्याची खोडही मुलांना फार. वास्तविक ती बहुधा जागीच असते. डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या पाण्यावर ठेवून ती काठाकडे पाहत असते.