सिंहली सिनेमाने काय गाळलं?
देशोदेशींचा पडदा : लेखांक 7

अपरिचित देशाचा सिनेमा पाहायचा म्हटलं की प्रेक्षक आधी यादी मागतो. कुठले चित्रपट पाहू, कुणाला कुठलं पारितोषिक मिळालं, कुठल्या समीक्षकाने कुणाला डोक्यावर घेतलं. श्रीलंकेपुरती ही वाट फसवी आहे. युरोपातल्या महोत्सवांतून तयार झालेली सिंहली चित्रपटांची यादी बहुतेक शांत, संथ, अबोल चित्रपटांची आहे. ती पाहून वाटावं की त्या बेटावरची माणसं कॅमेरा हातात घेतात तेव्हा मुळातच हळू बोलतात. प्रत्यक्षात हा अबोलपणा त्यांनी ठरवून, बराच गोंगाट बाजूला सारून मिळवला. म्हणून माझं म्हणणं असं की श्रीलंकेतल्या थोर चित्रपटांत काय आहे ते पाहण्याआधी त्यांतून काय गाळलं गेलं ते पाहावं. जे गाळलं गेलं ते बरंचसं आपल्याकडूनच तिकडे गेलेलं होतं, त्यामुळे ते ओळखणं पॅरिसच्या प्रेक्षकापेक्षा मुंबईच्या प्रेक्षकाला सोपं जावं.

सिंहली भाषेतला पहिला बोलपट ‘कडवुणु पोरोंदुव’ 21 जानेवारी 1947 रोजी झळकला. भाषा सिंहली, नटमंडळी बी. ए. डब्ल्यू. जयमान्न यांच्या मिनर्वा नाटक मंडळीतली. पण चित्रीकरण झालं मदुराईत, निर्माते एस. एम. नायगम होते आणि दिग्दर्शकही भारतीयच. पुढची कित्येक वर्षं हाच शिरस्ता राहिला. सिंहली चित्रपट दक्षिण भारतातल्या स्टुडिओत उभे राहत, गोष्टी तमिळ-हिंदी चित्रपटांवरून बेतल्या जात आणि गाण्यांच्या चाली सरळ हिंदीतून उचलून त्यांवर सिंहली शब्द बसवले जात. प्रेक्षकांना हे आवडत होतं, त्यात त्यांचा काही अपराधही नव्हता. पण या चित्रपटांतलं खेडं मद्रासच्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यावरचं होतं. खऱ्या सिंहली गावाची पायवाट, तळं, पडवीतला उजेड यांपैकी काहीही पडद्यावर आलं नव्हतं.

1955 मध्ये दिग्दर्शक लेस्टर जेम्स पीरीस, छायालेखक विल्यम ब्लेक आणि संकलक टायटस तोटवत्त या तिघांनी सरकारी चित्रपट विभागातली नोकरी सोडली. माहितीपट काढताना कॅमेरा घेऊन बाहेर पडण्याची सवय त्यांना लागली होतीच. तीच सवय कथापटाला लावून त्यांनी 1956 मध्ये ‘रेखाव’ बनवला आणि स्टुडिओ पहिल्यांदा गळाला. पुढच्या वर्षी तो कानच्या स्पर्धेत दाखवला गेला; घरच्या तिकीटबारीवर मात्र त्याने मार खाल्ला. त्यात गाणी आहेत, पण उसन्या चालींची नाहीत. ती सुनील शांत यांनी बांधली, आणि त्यामागे एक कथा आहे. 1952 मध्ये रेडिओ सिलोनने आपल्या गायकांची परीक्षा घ्यायला लखनौच्या भातखंडे विद्यालयाचे प्राचार्य पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना बोलावलं. सुनील शांत स्वतः भातखंडे विद्यालयात शिकलेले. तरी सिंहली गाण्याचं मोजमाप उत्तर हिंदुस्थानी गजाने होऊ नये म्हणून त्यांनी परीक्षेला बसायला नकार दिला. त्या नकारापायी रेडिओचं दार त्यांना बंद झालं. मुंबईत जन्मलेल्या, मराठी संगीतरसिकांना पूज्य असलेल्या गुरूचं नाव या प्रसंगात यावं हे आपल्याला जरा अवघड वाटेल. पण मुद्दा रातंजनकरांच्या विद्वत्तेचा नव्हता. आपलं गाणं कसं असावं हे कुणी ठरवायचं, एवढाच प्रश्न होता.

इथे हा निव्वळ भारतद्वेष नव्हता का, अशी शंका येईल. तिचं उत्तर ‘गम्पेरलिय’मध्ये मिळतं. 1963 चा हा चित्रपट मार्टिन विक्रमसिंघे यांच्या 1944 मधल्या कादंबरीवर आधारलेला आहे. पीरीस यांनी यात गाणी आणि नाच पूर्ण काढून टाकले आणि सगळं चित्रीकरण स्टुडिओबाहेर, एक दिवा आणि हातात धरायच्या बत्त्यांवर उरकलं. पण पार्श्वसंगीत दिलं ते डब्ल्यू. डी. अमरदेव यांनी, तेही लखनौलाच शिकून आलेले! म्हणजे राग गाळला नव्हता, तयार साचा गाळला होता. कथा दक्षिणेकडच्या गावातल्या एका जमीनदारी वाड्याची. इंग्रजी शिकवायला येणाऱ्या पियलवर वाड्यातल्या नंदाचा जीव जडतो, पण कुळ कमी म्हणून त्याला नकार मिळतो आणि तिचं लग्न तोलामोलाच्या घरातल्या जिनदासशी होतं. जिनदास धंद्यात बुडतो आणि परमुलखात मरतो. इकडे पियल व्यापारात पैसा करून परततो. आपल्या सिनेमाने याच गोष्टीतून तीन गाणी, एक न्यायाचा सीन आणि नायकाचा विजय काढला असता. पीरीस पियलला जिंकूच देत नाहीत. नंदा अखेर त्याची बायको होते, तरी आधीचा नकार आणि मेलेला नवरा दोघांमध्ये ठाण मांडून राहतात. गामिनी फोन्सेका पुढे सिंहली पडद्याचा सर्वांत मोठा लोकप्रिय नायक ठरला. त्याला इथे हरलेल्या जिनदासची भूमिका दिली आहे. हा चित्रपट भारतीय डोळ्यांनी पाहताना जिथे गाणं यायला हवं होतं तिथे सतत ठेच लागते, आणि त्या ठेचेतूनच तो कळत जातो.

दुसरा आक्षेप नेहमीचा : पीरीस म्हणजे सत्यजित राय यांची सिंहली आवृत्ती. दोघांनीही स्टुडिओ सोडला, दोघांनीही खेडं पाहिलं, दोघेही जवळपास एकाच सुमारास. साम्य खरं आहे, आणि 1965 मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ‘गम्पेरलिय’ला सुवर्णमयूर मिळाला तेव्हा परीक्षक मंडळाचे अध्यक्ष राय हेच होते. पण ‘जलसाघर’मधला जमीनदार बुडतो तेव्हा राय यांचा कॅमेरा त्याच्या मैफलीवर हळहळतो. पीरीस वाड्यावर हळहळत नाहीत, कडू हिशेब मांडतात. 1972 मध्ये व्हेनिसला गेलेल्या ‘निधानय’मध्ये हा कडवटपणा टोकाला जातो. त्यातला खानदानी विली दडलेल्या धनासाठी बळी द्यायला एक मुलगी शोधतो आणि त्यासाठी तिच्याशी लग्न करतो. राय यांच्या जगात हा माणूस बसत नाही. माझ्या मते पीरीस यांचं सर्वोत्तम काम हेच. ‘गम्पेरलिय’ इतिहासात थोर आहे, ‘निधानय’ आजही अस्वस्थ करतो.

एका दिग्दर्शकाच्या बळावर देशाचा सिनेमा ठरतो का, हा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. मला वाटतं, पुढच्या पिढीने त्या दिग्दर्शकाशी भांडण काढलं की तो ठरतो. धर्मसेन पथिराज यांना वाड्यांत रस नव्हता. 1971 चा तरुणांचा उठाव चिरडला गेल्यानंतर त्यांनी ‘अहस् गव्व’मध्ये (1974) कोलंबोच्या रस्त्यांवरचे बेकार तरुण आणले, आणि ‘बंबरु ॲविथ’मध्ये (1978) शहरी पोरं मच्छीमार वस्तीत शिरून तिची घडी कशी विस्कटतात ते दाखवलं. पीरीस यांनी साचा गाळला. पथिराज यांनी पीरीस यांचा सुसंस्कृत दुरावाही गाळला. शिवाय सिंहली म्हणजे श्रीलंका नव्हे, हेही त्यांनीच कृतीने सांगितलं. 1977 मध्ये या सिंहली दिग्दर्शकाने जाफन्यात जाऊन ‘पोन्मणी’ हा तमिळ चित्रपट केला. सहा वर्षांनी, जुलै 1983 च्या तमिळविरोधी हिंसाचारात, तमिळ निर्माते के. गुणरत्नम यांचा हेंदळचा विजया स्टुडिओ जाळला गेला आणि असंख्य चित्रपटांच्या निगेटिव्ह त्यात खाक झाल्या. त्यांत बहुतांश सिंहलीच चित्रपट होते. त्यानंतर पेटलेल्या यादवी युद्धावर कुणी बोलणं सरकारला नको होतं. प्रसन्न विथानगे यांच्या ‘पुरहंद कळुवर’मध्ये सैन्याकडून आलेल्या मोहोरबंद शवपेटीत आपला मुलगा आहे हे आंधळा बाप मानायला तयार नाही. या चित्रपटावर 2000 मध्ये बंदी आली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो प्रदर्शित झाला. बाप झालेले जो अबेविक्रम रडत नाहीत, ओरडत नाहीत, फक्त भरपाईच्या कागदावर सही करत नाहीत. गाळण्याची ती जुनी शिस्त इथे थेट राजकारण होते.

चित्रपट चांगले होते तर आपल्यापर्यंत आले का नाहीत? कारण प्रतीच उरल्या नव्हत्या, आणि ज्या होत्या त्या कुजत होत्या. इथे मात्र चक्र उलटं फिरलं आहे. पीरीस यांच्या पत्नी सुमित्रा पीरीस ‘गम्पेरलिय’च्या संकलक. 1978 मध्ये त्यांनी ‘गॅहॅणु लमयि’ हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. गरीब घरातली, प्रेम गिळून टाकणारी कुसुम हे त्याचं केंद्र. पडद्यावर इतकी वर्षं पाहिली गेलेली मुलगी त्यात स्वतः पाहू लागते. तो जीर्णोद्धारित करण्यात मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुढाकार घेतला आणि 2025 मध्ये तो कानच्या अभिजात विभागात दाखवला गेला. सुमित्राबाई 2023 मध्येच गेल्या होत्या. मुंबई-पुण्याच्या फिल्म सोसायट्यांनी हा चित्रपट आणि ‘निधानय’ एकापाठोपाठ दाखवावेत. दोन्हींचा छायालेखक एकच, एम. एस. आनंदन. वाचकांनीही सुरुवात या जोडीपासून करावी, ‘रेखाव’ नंतर पाहिला तरी चालेल.