प्राजक्ताचे नाव कोणी ठेवले?

शाळेच्या विज्ञानात द्विनाम पद्धती एका पानात उरकते. कार्ल लिनियस, साल 1753, आधी प्रजाती, मग जाती. आंब्याचे 'मॅन्जिफेरा इंडिका' पाठ केले की झाले. यात चूक काही नाही, पण हकीकत शेवटच्या पानापासून वाचल्यासारखे होते. नवी जाती 'सापडली' म्हणजे काय घडले, ती कोणी दाखवली, तिचे चित्र कोणी काढले, ती अमक्याच कुळात कशावरून घातली, यातले काहीच मुलांपर्यंत पोहोचत नाही. नामकरण हा पाठांतराचा नव्हे, पुराव्याचा विषय म्हणून शिकवावा असे मला वाटते. त्यासाठी गालापागोस बेटांपर्यंत जायलाही नको. अंगणातला प्राजक्त पुरतो.

प्राजक्ताचे शास्त्रीय नाव 'निक्टॅन्थिस आर्बर-ट्रिस्टिस'. त्याचा अर्थ रात्री फुलणारे दुःखी झाड. दुःखी का, याचे उत्तर गोव्यात आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये तिथे छापला गेला, आणि त्यात या झाडाची दंतकथा आहे: एका सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली, त्याने टाकल्यावर तिने जीव दिला, आणि तिच्या राखेतून उगवलेल्या झाडाला आजही सूर्याचे तोंड पाहवत नाही. शंभरेक वर्षांनी मलबारातला डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींची चित्रे आणि वर्णने जमवली. ती 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला 'हॉर्टस मलबारिकस' या नावाने बारा खंडांत निघाली. पहिल्याच खंडात प्राजक्त आहे, मल्याळी नावाने: मंजापूमरम, म्हणजे पिवळ्या फुलाचे झाड. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे ईळवा समाजातले वैद्य होते, तसेच रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. या तिघांचे नागरी लिपीतले कोंकणी साक्षीपत्र ग्रंथात छापलेले आहे, आणि कित्येक चित्रांवर झाडांची नावेही नागरीत कोरली आहेत. लिनियस भारतात कधीच आला नाही. त्याच्यापुढे होती ती अशी पुस्तके आणि वाळवलेले नमुने. प्राजक्ताची नोंद करताना त्याने ऱ्हीडच्या मंजापूमरमचा हवालाही दिला आहे.

यावर कोणी म्हणेल, मग आपलीच नावे काय वाईट होती? वाईट नव्हती. उलट दोन शब्दांचे नाव ही लिनियसची एकट्याची कल्पना नव्हेच. झाडांवर वाढणाऱ्या आमरींना मल्याळीत 'मरवाळ' म्हणत आणि ती कोणत्या झाडावरची ते आधी जोडत, सागावरची, आंजिलीवरची. आपला सोनचाफा आणि नागचाफा त्याच वळणाचे. पण हा चाफाच घ्या. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या, आणि देवळापुढचा पांढरा चाफा तर मूळचा अमेरिकेतला. त्याचे पान मोडले की करवंदासारखा, कण्हेरीसारखा चीक येतो, कारण तो त्यांच्याच कुळातला आहे. 'चाफा' हे नाव वासाचे आणि पूजेचे नाते सांगते. त्या कामाला ते उत्तम, नात्यागोत्याच्या कामाला अपुरे. इथे लिनियसचे ऋण मान्य करायला हवे. त्याने प्रत्येक नाव वर्णनाशी आणि जुन्या उल्लेखांशी असे बांधले, की ते बरोबर की चूक हे दुसऱ्या देशातल्या माणसालाही तपासता यावे.

आणि लोकांनी ते तपासलेही. लिनियसने वनस्पतींचे वर्ग मुख्यतः पुंकेसरांच्या संख्येवर पाडले. प्राजक्ताच्या फुलाची केशरी नळी नखाने उभी चिरली की तोंडाशी चिकटलेले दोन पुंकेसर दिसतात. जाईच्या फुलातही दोनच. मोगऱ्याला तर त्याने प्राजक्ताच्याच प्रजातीत बसवले होते. पुढे तो जाईकडे गेला. दोन पुंकेसरांच्या त्याच वर्गात साल्व्हियाही येऊन बसली आणि चार पुंकेसरांची तुळस दुसरीकडे गेली. वास्तविक त्या दोघी एकाच कुळातल्या आहेत. मोजणी अचूक आणि निष्कर्ष चुकलेला, याचे इतके सोपे उदाहरण शोधून मिळणार नाही. प्राजक्ताचा घोळ तर पुढेही चालला. त्याची कोवळी काडी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते. सागाचीही तशीच असते. काही अभ्यासकांनी त्याला सागाच्या तेव्हाच्या कुळात ठेवले, काहींनी स्वतंत्र कुळ दिले. अलीकडे डीएनएच्या पुराव्याने तो पुन्हा जाई-जुईच्या कुळात आला.

नावे आणि कुळे अशी बदलत राहिली तर मुले गोंधळतील, हा शिक्षकांचा आक्षेप खरा आहे, वेळेची टंचाईही खरी आहे. पण बदलाचे कारण हातात धरून पाहता आले तर गोंधळ कमी होतो. कारणाशिवाय बदललेले उत्तर मात्र लहरीपणाचे वाटते. आणि वेळ लागतो तो एका तासाचा. सकाळी वेचलेली फुले आणि एक फांदी बाकावर ठेवावी, शेजारी जाई आणि तुळस. शास्त्रीय नाव अजून फळ्यावर लिहू नये. गट मुलांनीच पाडावेत आणि कशावरून पाडले ते सांगावे. कोणी वासावरून पाडेल, कोणी काडीवरून, कोणी पुंकेसर मोजून. मग त्यांनी आपसात भांडावे. फांदी वहीत दाबून वाळवताना चिठ्ठीवर तारीख आणि जागा लिहितात, हर्बेरियममध्येही तेच करतात. तिथे आणखी एक ओळ मोकळी ठेवावी: हे झाड घरी कोणत्या नावाने ओळखतात, आणि ते नाव कोणी सांगितले.