तेल लावणाऱ्या हाताची कंबर

नरक चतुर्दशीच्या पहाटे गोदाकाठचा गारठा पुणतांब्याच्या अंगणात उतरलेला असतो आणि घरातली बाई सगळ्यांच्या आधी उठलेली असते. पाणी तापवायचं, उटणं भिजवायचं, तेल कोमट करायचं, मग एकेकाला पाटावर बसवून पाठ चोळायची. पाडव्याला नवऱ्याला तेल, भाऊबीजेला भावाला. दिवाळीभर तेलाची वाटी घरात फिरते. वाटी धरणारीची पाठ चोळायला मात्र सहसा कोणी बसत नाही. आपल्याकडे बाईच्या अंगाला हक्काने तेल लागतं ते बाळंतपणानंतर, सव्वा महिना. त्याआधीचे नऊ महिने आणि त्यानंतरची चाळीस वर्षं ती आणि तिची कंबर एकमेकींचं बघून घेतात.

राज्याला पुणतांबा आठवतो तो १ जून २०१७ च्या शेतकरी संपामुळे. वारकऱ्यांना हे गाव चांगदेवांच्या समाधीचं म्हणून माहीत, तर प्रवाशांना शिर्डीचा फाटा फुटणारं जंक्शन म्हणून. पण राहाता, कोपरगाव, श्रीरामपूरच्या या कालव्याच्या पट्ट्यात ऊस, कांदा आणि सोयाबीन उभं राहतं ते बायकांच्या वाकलेल्या कमरेवर. कांद्याची लावण दिवसभर ओणव्यानेच होते. खुरपणीला उकिडवं बसून सरकायचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड मजुरांचे कोयते कारखान्यांच्या परिसरात उतरले, की तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणाऱ्या बाया दिसू लागतात. त्यात पोट दिसू लागलेल्याही असतात.

या दुखण्यांना इथे आपली नावं आहेत. उसण भरली, चमक निघाली, कंबर धरली, मान आखडली. उपायही आहेत: निर्गुडीच्या पाल्याचा शेक, आंबेहळदीचा लेप, पाठीवर नातवाला चालायला लावणं आणि पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घेणं. लाथेने उसण जाते असं शपथेवर सांगणारे भेटतात. ताजी उसण पुष्कळदा काही दिवसांत आपोआपच कमी होते, तेव्हा श्रेय बहुधा पायाळूपेक्षा दिवसांना द्यायला हवं.

खरा प्रश्न तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. डिसेंबर २०२३ मध्ये संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि दुखण्याची समज देण्याबरोबर मालिशलाही जागा मिळाली. कमरेचे पट्टे आणि वजनं लावून ताण देणं मात्र नेहमीसाठी नको असं सांगितलं गेलं. गावोगावच्या औषधदुकानांत पट्ट्यांची रांग लटकलेली असते, ती अजून तशीच आहे.

मालिश काम कसं करते? डोकं चौकटीला आपटलं की हात आपोआप तिथे जाऊन चोळू लागतो. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी याला शास्त्रीय चौकट दिली: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट काही काळ अडते. चोळल्याने ‘आम्ल बाहेर निघतं’ हा समज मात्र टिकला नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये ११ तरुणांकडून दमेपर्यंत व्यायाम करवून घेतला आणि त्यांच्या एकाच मांडीला दहा मिनिटं मालिश केली. त्या मांडीच्या स्नायूत दाहाचे संदेश कमी झाले, पण लॅक्टिक आम्लात फरक पडला नाही.

आणि जोराचं काय? ‘चांगलं रगडा, दुखेपर्यंत’ ही आपली आवडती सूचना. अमेरिकेत डॅनियल चर्किन आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेमके स्नायू शोधून दाबणारी मालिश, दुसऱ्याला नुसती अंग सैल करणारी, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. दहा आठवड्यांनंतर मालिशचे दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे होते, आणि त्या दोघांत एकमेकांपेक्षा सरस कोणीच नव्हतं. म्हणजे हळुवार हातानेही तेवढंच साधतं. गुडघ्यांच्या झिजेवर १२५ जणांत वेगवेगळे डोस पाहिले गेले, तेव्हा आठवड्याला एकदा तासभर हे प्रमाण सोयीचं आणि परिणामकारक ठरलं. सणाला एकदा चोळून वर्षाचं दुखणं जाणार नाही. कंबरदुखीच्या २५ चाचण्या एकत्र पाहणाऱ्या २०१५ च्या कोक्रेन आढाव्याने तर हातच आखडता घेतला: आराम थोड्या काळाचा, पुरावा कच्चा. मालिशने दुखणं उतरलं, की त्या सवडीत चालायचं आणि स्नायू बळकट करायचे. चोळणं हे त्यासाठी. असे व्यायाम शिकवणारं फिजिओथेरपीचं महाविद्यालय पुणतांब्याहून जवळच, लोणीच्या प्रवरा संस्थेत आहे.

काही कमरा चोळायच्याच नसतात. रात्री वाढणारं दुखणं, सोबत बारीक ताप आणि वजनात घट असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं ही तर त्याच दिवशी दवाखाना गाठायची लक्षणं. तिसरी गोष्ट या ऊसपट्ट्याची. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, असं २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीने नोंदवलं. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली असतील तर हाडं वेळेआधी ठिसूळ होतात, आणि अशा पाठीवर गुडघा रोवून रगडणं म्हणजे मणका मोडायला आमंत्रण. मालिश करणाऱ्या बाईने पहिल्यांदा हेच विचारावं, पण विचारायचं असतं हे तिला सांगितलंय कोणी?

आता गरोदरपण. पोट पुढे येतं, कमरेचा बाक वाढतो, संप्रेरकांनी सांधे सैलावतात. निम्म्याहून अधिक गरोदर बायकांची कंबर किंवा ओटीपोटाची हाडं दुखतात. ‘होतंच असं’ म्हणून विषय संपतो. गरोदरपणी चोळायचं नाही, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत. तिच्यात शहाणपण आहे, पण ते पोटापुरतं. पोट चोळून बाळ ‘सरळ’ करण्याची प्रथा काही ठिकाणी आहे आणि ती घातक आहे. आडवं किंवा पायाळू बाळ बाहेरून वळवायचंच तर ते नऊ महिने भरत आल्यावर डॉक्टर इस्पितळात, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून करतात.

पाठ, खांदे, कंबर यांची गोष्ट वेगळी. मायामी विद्यापीठातल्या टिफनी फील्ड यांनी १९९९ मध्ये २६ गरोदर स्त्रियांचा छोटा अभ्यास प्रसिद्ध केला: आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, पाच आठवडे. मालिशच्या गटात पाठदुखी आणि चिंता कमी झाली, झोप सुधारली. २००४ च्या अभ्यासात औदासीन्य असलेल्या ८४ गरोदर स्त्रिया होत्या आणि मालिश करणारे होते त्यांचे जोडीदार. त्यातही पाय आणि पाठ यांचं दुखणं हलकं झालं. वीस मिनिटं ही काही अवघड गोष्ट नाही. बाईने डाव्या कुशीवर झोपावं, कारण पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो. गुडघ्यांत उशी, साधं तिळाचं किंवा खोबरेल तेल, तळहाताने खालून वर. मणक्यावर दाब नको. पोटरी खोल दाबायची नाही. गरोदरपणात रक्ताची गुठळी होण्याचा धोका चार-पाच पट असतो. एकच पाय सुजला, लाल झाला, तर त्याला हातच लावू नये. डोकं ठणकतंय, चेहरा सुजलाय, डोळ्यांपुढे चमकतंय, तर आधी रक्तदाब मोजायचा. कळा सुरू झाल्यावर कमरेला हात फिरवणं तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये शिफारशींतच घेतलं. ते काम जुन्या सुइणी कोणाच्या शिफारशीविना करत आल्या.

बाळंतिणीच्या मालिशला ग्रंथांचा आधार आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीच्या पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या स्वच्छ कापडाने बांधायला सांगितलंय. वाग्भटाने रोजच्या अभ्यंगातही डोकं, कान आणि पाय विशेष सांगितले. गावात ही विद्या न्हाऊ घालणाऱ्या मावशींच्या हातात आहे. पण मावशींनी शिकलेलं बाळंतपण घरातलं होतं. आता टाके असतात. सिझेरियनची जखम भरेपर्यंत पोटाला चोळणं नको, आणि बाजेखालच्या शेगडीचा धूर, घट्ट बंद खोली हे बाळालाही झेपत नाही.

मावशी येतात त्याच दिवसांत घरात आणखी एक बाई येत असते. ती गावची आशा कार्यकर्ती. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर या आशाताईंच्या सहा भेटी ठरलेल्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाची ही घरभेटीची पद्धत बंग दांपत्याच्या गडचिरोलीतल्या कामातून देशभर गेली. म्हणजे एकाच घरात, जवळजवळ त्याच सव्वा महिन्यात, एकीकडे तेलाची वाटी आणि दुसरीकडे वजनकाटा. मावशींचा हात बाळंतिणीच्या पोटरीवरून रोज फिरतो. सूज, ऊब, दुखणारी जागा त्यांना आशाताईंच्या आधी कळते. तिसऱ्या दिवसाच्या भेटीत आशाताईंनी मावशींना शेजारी बसवून तीन गोष्टी सांगितल्या तरी चालेल: कोणता पाय चोळायचा नाही, टाक्यांपासून किती लांब राहायचं, आणि ताप आला की तेल बाजूला ठेवून कोणाला फोन करायचा.