बाळाची शी पांढरी? आधी फोटो काढा!

हे पान कॅन्टीनमध्ये वडापाव खाताखाता वाचत असाल, तर सॉरी. आजचा विषय आहे बाळाची शी.

तुम्हाला बाळ नाहीये, माहितीये. पण ताईला होतं, वहिनीला होतं. बारशाचे फोटो काढणारे आणि रात्री अकराला डायपर आणायला पळणारे मामा, मावशी, आत्या, काका आपणच असतो ना?

गेल्या महिन्यात इंटर्नशिपच्या कामासाठी एका सरकारी रुग्णालयात बालशल्यचिकित्सेच्या ओपीडीत सकाळभर बसले होते. लहान मुलांचे सर्जन वेगळे असतात, हेही मला तोवर धड ठाऊक नव्हतं. वाटायचं, मोठ्यांचंच ऑपरेशन, फक्त छोट्या साइझमध्ये! पण अन्ननलिका जन्मतःच अर्धवट असणं, शीची जागाच तयार न होणं, हे प्रकार मोठ्यांच्या सर्जनसमोर सहसा येतच नाहीत.

रांगेत शेजारी साधारण माझ्याच वयाची एक आई होती. बाळ साडेतीन महिन्यांचं. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. शी पांढरट होते हे तिने सुरुवातीलाच पाहिलं होतं, घरात विचारलंही होतं. उत्तर मिळालं, दुधावरचं बाळ, शी पांढरीच होणार! मग गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, म्हणतात. माळ लांबली. तेवढे दिवसही गेले.

शीचा पिवळा रंग पित्तामुळे येतो, दुधाचा त्याच्याशी संबंध नाही. पित्त यकृतात तयार होतं आणि नळीतून आतड्यात उतरतं. ‘बिलिअरी अ‍ॅट्रेसिया’ या आजारात जन्माच्या सुमारासच यकृताबाहेरच्या पित्तनळ्या बंद पडतात. पित्त खाली पोचत नाही, म्हणून शी खडूसारखी किंवा शाडूच्या मातीसारखी फिकट होते. लघवी मात्र इतकी गडद, की लंगोटावर पिवळे डाग पडतात. अडकलेलं पित्त यकृताचीच नासाडी करत राहतं. फसवं काय, तर सुरुवातीला बाळ दूध पितं, हसतं, वजनही वाढतं. त्यामुळे कुणाला घाई वाटत नाही.

घाई मात्र खूप असते. जपानमधल्या सेंदाई शहरातले सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५५ मध्ये यावर एक ऑपरेशन केलं. निकामी नळ्या काढायच्या आणि आतड्याचा तुकडा वर ओढून थेट यकृताला जोडायचा. आजही पहिला उपाय हाच, ‘कासाई’ याच नावाने. पण बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत तो झाला तर यशाची शक्यता जास्त. जितका उशीर, तितकं यकृत निबर. त्यानंतर उरतं यकृत प्रत्यारोपण, आणि कासाई वेळेत होऊनही अनेक मुलांना पुढे ते लागतंच.

तैवानने २००४ पासून देशभर एक साधी गोष्ट केली. आईच्या हातात शीच्या रंगांचं कार्ड दिलं. घरी रंग जुळवून बघायचा, फिकट निघाला तर डॉक्टर गाठायचा. आपल्याकडे कार्ड नसेल, पण फोन तर आहे! नैसर्गिक उजेडात, फिल्टर न लावता फोटो काढा. बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात, त्यांना दाखवा. दीड महिन्याच्या लशीला जाल तेव्हाही दाखवा. शी पांढरी असेल तर मात्र कशाचीच वाट बघू नका, त्याच दिवशी निघा. नवजात बाळांची कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते, हे खरंय. पण दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील तर ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ तपासायला सांगा. साधी रक्ततपासणी आहे.

उशीर झाला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं. त्या बाळाला हाच आजार होता. यकृताचा तुकडा वडिलांनी दिला. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

ओपीडीतल्या त्या आईला डॉक्टर प्रत्यारोपणाबद्दलच समजावत होते. ती एकच गोष्ट परत परत विचारत होती. आधी आले असते तर?

परवा मावसबहिणीकडे गेल्यावर मी बाळाचा डायपर बघायला मागितला. सगळे हसले. शी हळदीसारखी पिवळीधमक निघाली. तिचा फोटो अजून माझ्या गॅलरीत आहे, फेअरवेलच्या सेल्फींच्या अगदी शेजारी.