जमिनीखालच्या गारव्यामुळे घर जास्त किमतीला विकलं जातं का?

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं वालूर हे गाव तिथल्या चक्राकार पायऱ्यांच्या बारवेसाठी ओळखलं जातं. मे महिन्यात वर पारा 42 अंशांच्या पुढे असताना बारवेत खाली उतरत गेलं की गारवा जाणवतो. सावली आणि पाणी ही त्याची कारणं आहेतच, पण आणखी एक कारण आहे. जमिनीच्या पोटातलं तापमान ऋतूप्रमाणे फारसं बदलत नाही.

याच गुणावर 'जिओथर्मल' कूलिंग चालतं. ते घरात बसवलं, तर उद्या घर विकताना पैसे वसूल होतात का?

हे तंत्र नेमकं काय आहे?

नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरसारख्या गरम पाण्याच्या झऱ्यांशी याचा संबंध नाही. जमिनीखाली साधारण 10 मीटरवर तापमान त्या भागाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतं. मराठवाड्यात ते ढोबळमानाने 26-27 अंश धरता येईल.

साधा एसी घरातली उष्णता बाहेरच्या 43 अंशांच्या हवेत फेकतो. जिओथर्मल हीट पंप तीच उष्णता पाइपांमधून जमिनीत सोडतो. त्यामुळे वीज कमी लागते. बंद पाइपांच्या पद्धतीत तेच पाणी फिरत राहतं, भूजल उपसावं लागत नाही. दुष्काळी भागात ही मोठी गोष्ट आहे.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण खर्चाची. पाइपांसाठी काळ्या पाषाणात खोल बोअर घ्यावे लागतात.

दुसरी अडचण हवामानाची. थंड देशांत हिवाळ्यात जमिनीतली उष्णता घरासाठी काढली जाते आणि उन्हाळ्यात परत सोडली जाते. आपल्याकडे हिवाळ्यात घर तापवण्याची गरज फारशी नाही. सतत उष्णताच सोडत राहिलो, तर पाइपांभोवतीची जमीन हळूहळू तापते आणि फायदा घटतो. त्यामुळे डिझाइन चुकलं, तर घर विकत घेणाऱ्याच्या गळ्यात दुखणं पडतं.

घराची किंमत कशी ठरते?

रेडी रेकनरमध्ये बांधकामाचे वर्ग आहेत: आरसीसी, इतर पक्कं, अर्धपक्कं आणि कच्चं. वय वाढेल तसा घसारा वजा होतो. घर गार राहतं की नाही, याचा रकाना त्यात नाही. म्हणूनच जाड भिंतींचं जुनं माळवदाचं घर उन्हाळ्यात सुखाचं असलं, तरी कागदावर स्लॅबच्या घरापेक्षा स्वस्त ठरतं.

जमिनीखालच्या पाइपांचंही तसंच आहे. ते दिसत नाहीत. बँकेच्या व्हॅल्युअरला आसपास तशा घरांचे व्यवहारही सापडत नाहीत. गावात तर हा प्रश्न आणखी अवघड. पंप बिघडला तर दुरुस्तीला कोण येणार, हे खरेदीदार आधी विचारेल.

परदेशात काय होतं?

अमेरिकेत 'अप्रेझल इन्स्टिट्यूट'ने घराच्या ऊर्जाबचतीची माहिती भरण्यासाठी वेगळा फॉर्म तयार केला आहे. तिथल्या ऊर्जा विभागाच्या मते घरातली यंत्रणा साधारण 24 वर्षं आणि जमिनीतले पाइप 50 वर्षांहून जास्त टिकतात. म्हणजे पाइपांचा फायदा पुढच्या मालकालाही मिळू शकतो. पण तो त्याला पटवून द्यावा लागतो.

भारतात ऊर्जा दक्षता ब्युरोने घरांसाठी 'इको निवास संहिता' 2018 मध्ये आणली. त्यानंतर घरांना स्टार लेबल देण्याची योजनाही आली. फ्रिजवरच्या ताऱ्यांसारखेच घराचे तारे लोक विचारू लागले, तर चित्र बदलेल.

बसवायचंच असेल तर काय जपून ठेवाल?

• पाइप कुठून, किती खोल गेले आहेत त्याचा नकाशा
• बसवण्याआधीची आणि नंतरची वीजबिलं
• वॉरंटी आणि दुरुस्तीच्या नोंदी

थोडक्यात

आज मराठवाड्यात फक्त विक्रीची किंमत वाढेल म्हणून ही यंत्रणा बसवणं जोखमीचं आहे. अनेक वर्षं त्याच घरात राहणार असाल, तर वीजबिलातली बचत आधी मोजा. विकताना वरचे चार पैसे मिळाले, तर तो बोनस समजा. आणि घरात जुन्या जाड भिंती असतील, तर पाडण्याआधी एकदा विचार करा. तो गारवा तुम्हाला आधीच फुकट मिळतो आहे.