कबड्डीचा लिलाव आणि गुणांचें गणित

सामना मैदानावर जिंकला जातो हें खरें; परंतु हंगामाचें भवितव्य पुष्कळदां त्यापूर्वीं होणाऱ्या लिलावांत घडत असतें. प्रो कबड्डी लीगमधील पुणेरी पलटण हें याचें बोलकें उदाहरण होय.

स्पर्धेच्या दहाव्या हंगामांत बारा संघ प्रत्येकीं २२ सामने खेळले. विजयास ५ गुण, बरोबरीस ३, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनीं झालेल्या पराभवासहि १ गुण, अशी तेव्हां पद्धत होती. पहिले सहा संघ बाद फेरीस पात्र ठरत; पैकीं पहिले दोन थेट उपांत्य फेरींत जात. म्हणून तेव्हां संघाचें बळ जोखतांना केवळ विजय मोजून भागत नसे; पराभव किती अंतरानें झाला हेंहि पाहावें लागे.

त्या हंगामापूर्वीं पुण्यानें इराणचा पकडपटू महंमदरेझा शादलुई यास २ कोटी ३५ लक्ष रुपयांस घेतलें. १७ विजयांचे ८५, ३ बरोबरींचे ९ व दोन निसटत्या पराभवांचे २ असे ९६ गुण जमले. आणि १ मार्च २०२४ रोजीं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असें नमवून पुण्यानें प्रथमच अजिंक्यपद मिळविलें.

पुढील लिलावांत शादलुई हरियाणाकडे गेला. हंगाम चालू असतांनाच पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार जायबंदी झाला. पुणें पहिल्या सहांत आलें नाहीं. हरियाणानें मात्र २९ डिसेंबर २०२४ रोजीं पुण्यांतच, बालेवाडीस, विजेतेपद पटकाविलें.

एकट्या खेळाडूवर संघ तरत नाहीं. परंतु पकड ही सातांची साखळी आहे. तिची कोणती कडी सुटली व तिच्या जागीं कोण आलें, हें पाहिल्यावांचून भाकीत करूं नये.